सही करू नका, पण गप्पही बसू नका

वाचकाचं पत्र:

"सप्रेम नमस्कार. मी निवृत्त आहे. सत्तावीस वर्षं याच उपनगरात, याच घरात राहतो. आमच्या ओळीत सगळी बैठी नाहीतर दुमजली घरं. समोर बंद पडलेल्या कारखान्याचा दोन हेक्टरांचा प्लॉट आहे. तिथे बावीस मजल्यांचे चार टॉवर, एकूण ४४० फ्लॅट येणार, असा फलक लागला. शेजाऱ्यांनी विरोधाचा अर्ज तयार केलाय. या दाटीने वाहतूक तुंबेल, पाणी पुरणार नाही, घरांच्या किमती पडतील, हा भाग फक्त श्रीमंतांचा होऊन बसेल आणि पुढे त्या टॉवरांची झोपडपट्टी होईल, असं त्यात लिहिलंय. माझी सोडून सगळ्यांच्या सह्या झाल्यात. मुलगी भाड्याने लांब राहते, कामावर पोचायला तिला दीड तास लागतो. तिला हे सांगितलं तर म्हणाली, 'बाबा, तुम्ही ज्यांना अडवताय ती माझ्यासारखीच माणसं आहेत.' तेव्हापासून ती फोन करते तो आईलाच. दाट वस्तीने शहर सुधारतं की बिघडतं, हे एकदा सांगून टाका."
एक जुना रहिवासी

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

सहीचं आधी सांगते. या अर्जावर करू नका. वेगळा अर्ज लिहा. कसा, ते पुढे येईलच.

असाच एक अर्ज वीस-बावीस वर्षांपूर्वी माझ्याही हातात होता. मी नुसती सही करून थांबले नाही, दारोदार हिंडून इतरांच्याही सह्या गोळा केल्या. आमच्या गल्लीच्या तोंडाशी सहा मजली इमारती येणार होत्या आणि 'वाहतूक वाढेल' हा आमचा मुख्य मुद्दा होता. आम्ही जिंकलो. तो प्लॉट चार वर्षं तसाच पडून राहिला, मग तिथे गोदाम आलं. पहाटे चार वाजता मागे येणाऱ्या ट्रकचा पिंपिं आवाज अजून माझ्या कानात आहे. आणि ज्यांना आमच्याकडे घर मिळालं नाही ती माणसं? त्यांनी पंधरा-सोळा किलोमीटर पुढे, जमीन स्वस्त होती तिथे घरं घेतली. तिथून शहरात यायला रस्ता एकच, आमच्या दारावरून. आमच्या गल्लीतून चालत स्टेशनला गेली असती ती माणसं आता रोज दोनदा, गाडीत एकेकटी बसून, आमच्यासमोर हॉर्न वाजवत जायला लागली. माणसं अडवून आम्ही गाड्या बोलावल्या होत्या. हे कळायला मला बरीच वर्षं लागली, आणि कळलं तेव्हा कोणाला सांगायची सोय नव्हती, कारण सह्या मीच गोळा केल्या होत्या.

तेव्हापासून कोणी 'दाटी' म्हटलं की मी विचारते, कशाची? माणसांची, मजल्यांची की गाड्यांची? या तिन्हींची आपण एकच मोट बांधतो. न्यूयॉर्कचं मॅनहॅटन बघा. उंच इमारतींचं चित्र काढायला सांगितलं तर मूल तेच काढेल. १९१०च्या जनगणनेत तिथे २३ लाखांवर माणसं होती, २०२०च्या जनगणनेत १७ लाखांच्या आत. शंभर वर्षांत इमारती आभाळाला भिडल्या आणि माणसं सहा लाखांनी कमी झाली. १९१०मध्ये ती पाच-सहा मजली चाळवजा इमारतींतून, एकेका खोलीत कुटुंबच्या कुटुंब अशी कोंबलेली होती. तेव्हा बावीस हा आकडा वाचून छातीत धस्स झालं असेल तर जरा थांबा. बावीस मजल्यांना तुम्ही घाबरावं, पण योग्य कारणासाठी.

कागद-पेन्सिल घ्या. एका फ्लॅटला जिना, लिफ्ट, भिंती धरून सरासरी ८० चौरस मीटर बांधकाम लागेल असं समजू. ४४० फ्लॅटचे झाले ३५,२०० चौरस मीटर. तुमच्यासमोरचा प्लॉट २०,००० चौरस मीटरचा. म्हणजे चटई क्षेत्र, सगळ्या मजल्यांचं मिळून बांधकाम, प्लॉटच्या पावणेदोन पट, तेही जेमतेम. हेच फ्लॅट बावीस मजल्यांत रचले तर जमिनीचा आठ टक्के भाग व्यापतात. पाच मजल्यांत रचले तर पस्तीस टक्के. घरं तितकीच, माणसं तितकीच, आणि पाच मजल्यांतही जवळजवळ दोन तृतीयांश जमीन मोकळी! मग मधे अंगण, भोवती इमारती, चौथ्या मजल्यावरून आईने हाक मारली तर खाली खेळणाऱ्या पोराला ऐकू जाईल अशी वस्ती का होत नाही?

वरच्या मजल्यांवरचा देखावा जास्त दराने विकला जातो, हे एक कारण आहेच. पण मोठं कारण जमिनीवर आहे. एक गाडी उभी करायला, वळायच्या-फिरायच्या जागेसह, पंचवीस ते तीस चौरस मीटर लागतात. घरटी एक गाडी धरली तर ४४० गाड्यांना बारा हजार चौरस मीटरच्या आसपास. पाच मजली इमारतींचे सात हजार त्यात मिळवा, प्लॉट संपला. अंगण गेलं, झाडं गेली. म्हणून मग घरं वर ढकलायची आणि खाली दोन-तीन मजल्यांचं पार्किंगचं पोडियम बांधायचं. रस्त्यावरून चालणाऱ्याला काय दिसतं? जाळ्या लावलेली एक लांबलचक आंधळी भिंत आणि गाड्या आत-बाहेर करणारं एक फाटक. उंच इमारतींच्या वस्तीत संध्याकाळी फिरताना जो ओकाबोका भाव जाणवतो तो बावीसाव्या मजल्यामुळे येत नाही, तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर एकही खिडकी नाही म्हणून येतो. वर शेकडो माणसं राहतात आणि खाली रस्त्यावर कोणाचंच लक्ष नाही.

तुमच्या शेजाऱ्यांच्या अर्जात पार्किंगचा उल्लेख आहे का? मी पैजेवर सांगते, असला तर 'पार्किंग पुरेसं नाही' असाच असणार. आपण सगळे हेच करतो. गाड्या नकोत म्हणतो आणि गाड्यांना जास्त जागा द्या असंही म्हणतो. मेक्सिको सिटीने २०१७ साली नियम उलटा केला. नव्या इमारतीत पार्किंग किमान इतकं हवं ही सक्ती काढली आणि कमाल इतकंच चालेल, अशी मर्यादा घातली.

यावर तुम्ही म्हणाल, गाडी नसेल तर माणसं जाणार कशी? बरोबर आहे, आणि दाटीच्या बाजूने बोलण्यासारखी सगळ्यात भक्कम गोष्ट इथेच आहे. बसथांब्यापर्यंत माणूस साधारण पाचशे मीटर चालतो. पाचशे मीटर त्रिज्येच्या वर्तुळात ७८ हेक्टर जमीन येते. हेक्टरी चाळीस माणसं असतील, म्हणजे तुमच्या ओळीसारखी वस्ती, तर त्या थांब्याच्या वाट्याला तीन हजार माणसं. एवढ्यांसाठी बस तासाला एक येते. तासाने येणाऱ्या बसवर कोणी भरवसा ठेवत नाही, बस रिकामी धावते, आणि एक दिवस ती फेरी बंद होते. हेक्टरी एकशेवीस माणसं झाली की तोच थांबा नऊ हजारांचा होतो आणि दर दहा मिनिटांनी बस मागायला तोंड मिळतं. नळाचं, गटाराचं, दिव्याच्या खांबांचंही तसंच. एका बैठ्या घरासमोर जेवढी पाइपलाइन टाकावी लागते तेवढ्याच लांबीत दाट वस्तीत वीस घरं भागतात. विखुरलेलं उपनगर सांभाळायला महाग पडतं. सुरुवातीला ते जाणवत नाही. पाइप जुने झाले की कळतं.

जर्मनीत फ्रायबुर्क शहराच्या कडेला वोबाँ (Vauban) नावाची वस्ती आहे. पूर्वी तिथे फ्रेंच लष्कराचा तळ होता. नव्वदच्या दशकात तिथे घरं बांधायला सुरुवात झाली. इमारती बहुतेक चार-पाच मजली, जुनी मोठी झाडं राखलेली, गाड्या वस्तीच्या कडेला बांधलेल्या गॅरेजमध्ये. ज्याला गाडी हवी त्याने तिथल्या जागेचे पैसे वेगळे मोजायचे. २००६ साली ट्राम थेट वस्तीत आली. सुमारे चाळीस हेक्टरांत साडेपाच हजारांच्या आसपास माणसं राहतात. भागाकार केलात तर हेक्टरी एकशेचाळीसच्या जवळ येईल. फोटोत बघितलं तर दाट वस्ती म्हणून कोणी ओळखणार नाही. रस्त्यावर पोरं खेळताना दिसतात.

तुमच्यासारख्या बैठ्या घरांच्या मालकांना दुसरं उदाहरण जास्त उपयोगी पडेल. अमेरिकेत वॉशिंग्टनला लागून असलेल्या आर्लिंग्टनमध्ये साठ-सत्तरच्या दशकांत मेट्रोचा वाद झाला. महामार्गाच्या मधोमध मेट्रो नेणं स्वस्त होतं. तिथल्या लोकांनी आग्रह धरून ती जुन्या, उतरती कळा लागलेल्या बाजाररस्त्याखालून नेली. १९७९मध्ये ती बॉलस्टनपर्यंत सुरू झाली. मग स्टेशनांभोवती उंच इमारतींना परवानगी, स्टेशनापासून लांब जाऊ तशी उंची उतरती, आणि थोड्या अंतरावर जुनी बैठी घरं होती तशीच राहू द्यायची, असा तोडगा निघाला. दाटी कुठे येणार आणि कुठे नाही, हे दोन्ही आधी लिहून ठेवलेलं. मुख्य रस्त्यांवरची वाहतूक इमारतींच्या प्रमाणात वाढली नाही, कारण बरीच माणसं चालत स्टेशनवर जातात. म्हणून तुमच्याकडे पहिला प्रश्न हा, की समोरच्या प्लॉटपासून स्टेशन किंवा चांगला बसमार्ग किती मिनिटांवर आहे? हे तुम्ही लिहिलं नाहीत. दहा मिनिटांच्या आत असेल तर ती जागा घरांसाठी हेरून ठेवल्यासारखी आहे. नसेल तर तुमच्या शेजाऱ्यांच्या बाजूने माझा एक गुण.

अर्जातल्या बाकी मुद्द्यांवर फार वेळ घालवणार नाही. घरांच्या किमती पडतील आणि भाग फक्त श्रीमंतांचा होईल, हे दोन्ही एकाच कागदावर लिहिलंय. लिहिणाऱ्याने एक काहीतरी निवडायला हवं होतं. नवे फ्लॅट महागच असतात, ते तुमच्या मुलीला थेट परवडतील असं नाही. पण नव्या फ्लॅटमध्ये जाणारा आपलं जुनं घर सोडतो, त्यात तिसरा येतो, तिसऱ्याच्या घरात चौथा. फिनलंडमध्ये हेलसिंकी परिसरातल्या रहिवाशांच्या नोंदी तपासून अभ्यासकांनी ही साखळी शोधली. मध्यवर्ती भागातल्या महागड्या नव्या घरांमुळे कमी उत्पन्नाच्या वस्त्यांतली घरंही लवकरच मोकळी होऊ लागतात, असं त्यांना आढळलं. तुमची मुलगी त्या साखळीत कुठेतरी तिसरी-चौथी असेल.

झोपडपट्टीच्या भीतीत थोडं तथ्य आहे, पण कारण वेगळं आहे. अमेरिकेतल्या सेंट लुईसमध्ये १९५०च्या दशकात प्रुइट-आयगो नावाची ३३ इमारतींची, अकरा मजली सरकारी वसाहत बांधली आणि १९७२पासून ती पाडायला घेतली. 'उंच इमारतींचं हेच होतं' म्हणून तिचा दाखला देतात. पण त्या काळात ते अख्खं शहरच रिकामं होत होतं. १९५० ते १९७० या वीस वर्षांत त्याने दोन लाखांवर माणसं गमावली. देखभालीचा खर्च भाड्यातून निघायचा, भाडेकरू कमी झाले तशा लिफ्ट बंद, नळ फुटके, मग आणखी लोक निघून गेले. ओस पडल्यामुळे ती मेली. तिकडे सिंगापूरमध्ये दर पाचांपैकी जवळजवळ चार रहिवासी सरकारने बांधलेल्या उंच इमारतींत राहतात आणि लिफ्ट चालतात, कारण त्यांची देखभाल कोणीतरी नेमाने करतं. बावीस मजल्यांत लिफ्ट, पंप, आगीची यंत्रणा यांचा खर्च कायमचा मागे लागतो. पंधरा वर्षांनी तो कोण उचलणार, हा प्रश्न बिल्डरला आज विचारायचा असतो.

आता तुमचं नुकसान. ते खरं आहे आणि कोणी भरून देणार नाही, म्हणून गोड बोलणार नाही. बावीस मजले म्हणजे सहासष्ट मीटर. सूर्य क्षितिजापासून तीस अंशांवर असताना त्याची सावली एकशेचौदा मीटर पडते, म्हणजे तुमच्या ओळीच्या पलीकडे. पाच मजली इमारतीची त्याच वेळी सव्वीस मीटर, रस्त्यातच संपेल. उंच भिंतीवर आदळलेला वारा खाली उतरतो आणि पायथ्याशी वेग घेतो, छत्री धरून चालणाऱ्याला विचारा. शिवाय बांधकामाची तीन-चार वर्षं धूळ आणि आवाज. सत्तावीस वर्षांची शांतता जाणार याचं वाईट वाटणं म्हणजे स्वार्थ नव्हे. हे मुलीलाही सांगा. 'वाहतूक तुंबेल' असं सांगण्याऐवजी 'माझं सकाळचं ऊन जाणार' असं सांगितलं असतं तर मला वाटतं तिने तुमच्याशी बोलणं टाकलं नसतं.

पाण्याचा मुद्दा मात्र मी मागे ठेवला, कारण अर्जातला तोच सगळ्यात पक्का आहे. ४४० घरांत घरटी चार माणसं धरली तर १,७६०. माणशी रोज दीडशे लिटर म्हणजे दोन लाख चौसष्ट हजार लिटर, दहा हजार लिटरचे सव्वीस टँकर, रोज. त्यातलं बहुतेक पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडणार आणि ते आजच्याच गटारात जाणार, जे कधीकाळी तुमच्या बैठ्या घरांसाठी घातलेलं असेल. पाऊस पडला की पोडियमवरून आणि छपरांवरून वाहणारं पाणी वेगळं. कारखान्याच्या आवारातली माती आज ते पिते, काँक्रीट पिणार नाही. हे पाणी कोणत्या टाकीतून येणार, सांडपाणी कोणत्या केंद्रात जाणार, त्या केंद्रात जागा शिल्लक आहे का, याचं लेखी उत्तर मागा. मिळालं नाही तर खुशाल विरोध करा, पहिली सही माझी घ्या.

तर वेगळा अर्ज. घरांची संख्या कमी करा असं त्यात लिहू नका. उंची कमी करा, घरं तितकीच ठेवा, असं लिहा, आणि मघाचा पस्तीस टक्क्यांचा हिशोब जोडा. अधिकाऱ्याला अशा अर्जाची सवय नसते, तो दोनदा वाचेल. घरटी गाडीची सक्ती असेल तर ती कमी करण्याची मागणी करा आणि त्याच वाक्यात बस मागा. पाणी आणि गटाराची कामं झाल्याशिवाय राहायला येण्याची परवानगी टप्प्याटप्प्यानेही देऊ नये, हे ठळक अक्षरांत. दोन हेक्टरांचा प्लॉट चौरस धरला तर एक बाजू जवळजवळ एकशेचाळीस मीटर भरते. भोवती सलग भिंत घातली तर पलीकडच्या शाळेत जाणाऱ्या मुलाला अख्खा वळसा पडेल. म्हणून प्लॉटमधून आरपार, सगळ्यांसाठी उघडी पायवाट मागा. रस्त्याच्या बाजूला तळमजल्यावर दारं आणि खिडक्या मागा, दुकानं किंवा घरं, काहीही चालेल, फक्त आंधळी भिंत नको. वर्षातला सूर्य सर्वांत खाली असतो त्या दिवशी सावली कुठवर येते याचा नकाशाही मागून घ्या. सगळं मिळणार नाही. निम्मं मिळालं तरी तुमच्या ओळीतल्यांना आणि नव्याने येणाऱ्यांना दोघांना उपयोगी पडेल.

शेजारी रागावतील. अर्जावर न केलेल्या एका सहीचा बोभाटा शंभर सह्यांपेक्षा जास्त होतो. त्यांना घरी बोलवा आणि ती पस्तीस टक्क्यांची मांडणी कागदावर काढून दाखवा. मला वाटतं चार-पाच जण तरी तुमच्या अर्जाकडे वळतील.

आणि एक काम लगेच करा, सुनावणीची वाट न पाहता. बंद कारखान्यांच्या आवारात हमखास जुनी झाडं असतात. परवानगी घेऊन आत जा, प्रत्येक झाडाची जागा टेपने मोजा, खोडाचा घेर लिहा आणि मंजुरीच्या नकाशात ती दाखवली आहेत का ते ताडून बघा. नकाशात नसलेलं झाड पहिल्याच दिवशी जातं. टेपचं दुसरं टोक धरायला कोणीतरी लागेल. मुलीला रविवारी बोलवा.